भटूबाबाची लाथ आणि शेटजींची पाठ

चोपड्यात भटूबाबाच्या अंगणात सकाळपासून पाठदुख्यांची झुंबड. भटू पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. अशाची लाथ बसली की उसण पळते, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबलेलं. भटूने त्या लाथेचं दुकानच थाटलं होतं.

रांगेत कापडवाले मिश्रीलाल शेटजी आणि त्यांचा हात धरून पानबाई. जेवले की शेटजींच्या पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली कळ उठायची, मग ओकाऱ्या. त्यांची डॉक्टर सून रुची सोनोग्राफीसाठी हात धुऊन मागे लागलेली. पण दुखते पाठ आणि ही बघणार पोट, हे पानबाईंच्या काही गळी उतरेना.

"शेटजी, तुमना पाठमा करणीना खडा शे," भटू म्हणाला. "बठ्ठा मांगे सरका." तशी सगळी गर्दी मागे हटली.

धाडकन लाथ बसली. भटूने शेटजींच्या सदऱ्यातून काळा खडा काढून दाखवला. वर पथ्य सांगितलं, आठवडाभर निव्वळ मुगाचं पाणी, तेल-तूप बंद.

आठवडाभर कळ फिरकली नाही. पानबाई धन्य झाल्या. सोनोग्राफी बारगळली आणि शेटजींनी बाबाच्याच अंगणात दाल-बाटीची पंगत घातली. रुचीलाही यावं लागलं. शेटजींनी तुपात बुडवून बाट्या हाणल्या आणि थोड्याच वेळात पाठ धरून आडवे झाले. अंगात हुडहुडी भरली. भटू धावला, पण त्यानेही आडवा हात मारलेला. पाय उचलताच तोल जाऊन तो उताणा पडला आणि बाहीतून काळे खडे भसाभस सांडले. पुढच्या गिऱ्हाइकांची सोय होती ती.

पानबाईंना आधी हसू फुटलं, मग रडू. "रुची, मीच यांना इथं आणलं गं. वाचतील ना?"

"आत्ता निघालो तर वाचतील, मम्मीजी."

जळगावच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. "खडे आहेत, पण पित्ताशयात," रुची म्हणाली. "तूप पोटात गेलं की पित्ताशय आवळतं, खडा अडकतो आणि कळ पाठीत जाते. पप्पाजींना आराम पडला तो तूप सुटल्यामुळे."

ऑपरेशन झालं, शेटजी वाचले. रिक्षाने घरी परतताना पानबाईंना भटूच्या अंगणात पुन्हा रांग दिसली. शेटजींचीच श्रद्धा कच्ची, असं लोक म्हणत होते. रांगेच्या शेवटी ओळखीची भिकुबाई पाठ धरून उभी. पानबाई उतरून तिच्यापाशी गेल्या.

"जेवल्यावर दुखतं का गं?"

"हो, अक्का. पण नंबर जाईल ना."

"जाऊ दे. आत काय बिघडलंय ते लाथेला दिसत नाही, तपासावं लागतं. मी तपासू दिलं नाही, तर नवरा हातचा जात होता. चल, रिक्षात बस, रुचीला दाखवू."