बँकेच्या दारातली दुनळी

मी दुनळी बंदूक बोलतेय. दचकून मागे सरकू नका, आता माझ्यात माशी मारण्याइतकाही दम उरलेला नाही. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर, दोन पितळी खुंट्यांवर मला टांगलंय. खाली पाहुणे येतात, चहा पितात, मान वर करून मला बघतात आणि या घराचा मालक त्यांना माझी गोष्ट सांगतो. ती गोष्ट धादांत खोटी आहे. म्हणून खरी काय ती मीच सांगते.

माझा दस्ता अक्रोडाचा आणि नळ्या पोलादाच्या. एका हौशी श्रीमंताने शिकारीसाठी मला घेतलं आणि दोन महिन्यांत त्याची हौस फिटली. वर्षानुवर्षं मी त्याच्या कपाटात पडून होते. मग पलटणीतून सुटून आलेल्या एका माणसाने मला विकत घेतलं. एका बँकेला स्वतःची बंदूक असलेला राखणदार हवा होता आणि त्याला दोन लेकरं वाढवायची होती. तो माझा खरा धनी. यापुढे मी त्याला बाबाच म्हणते, कारण त्याची पोरं तसंच म्हणायची.

सव्वीस वर्षं आम्ही दोघं त्या बँकेच्या दारात उभे होतो. माणसांची एक गंमत सांगते. आत जाताना ती माझ्याकडे बघून अंग चोरायची आणि पाचच मिनिटांत बाहेर येऊन बाबालाच विचारायची, "काका, पेन आहे का?" पेन गेला की गेलाच, म्हणून बाबाने तो दोऱ्याने खिशाला बांधून ठेवला होता. कुणाचा फॉर्म भरून दे, कुणाचं पोर धर, कुणाची छत्री सांभाळ. सव्वीस वर्षांत एकही गोळी झाडली नाही आम्ही. याचाच त्याला अभिमान होता, आणि मलाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तो आधी काडतुसं काढून डब्यात बंद करायचा. मग मला मधून मोडून उघडायचा, जुन्या बनियनची चिंधी गजाला गुंडाळून दोन्ही नळ्यांतून फिरवायचा आणि नळ्या खिडकीकडे धरून आतून बघायचा. धाकटी लेक लगेच शेजारी येऊन बसायची.

"दिसल्या का बांगड्या?" तो विचारायचा.

स्वच्छ नळीतून उजेडाकडे पाहिलं की आत उजेडाची कडी दिसतात, एकात एक. त्यांना तो बांगड्या म्हणायचा. "नीट बघ. एक जरी बांगडी वाकडी दिसली, तर समज नळीला पोचा आलाय."

"सगळ्या गोल आहेत, बाबा."

थोरला मुलगा मात्र त्या वेळी कधी जवळ फिरकला नाही. बापाचं काम त्याला लाजेचं वाटायचं. एकदा तो कॉलेजच्या मित्रांबरोबर बँकेत आला. बाबा हसला, दार उघडून धरलं. मित्राने विचारलं, "काय रे, हा वॉचमन तुझ्याकडे बघून का हसतोय?"

"कुणास ठाऊक," थोरला म्हणाला आणि आत गेला.

मी बाबाच्या खांद्यावरच होते. त्याचा खांदा तसूभरही हलला नाही. त्या संध्याकाळी मात्र त्याने मला जरा जास्तच वेळ पुसलं.

पुढे त्याची फुप्फुसं गेली. पोरांची आई आधीच गेलेली. धाकटी एका दवाखान्याच्या दारात राखणदार म्हणून लागली होती, हातात नुसती काठी. कामाची पाळी संपली की घरी येऊन बापाला भरवायची आणि त्याच्यासमोर मला पुसायची. त्याच्याने नळी उचलवेना, तेव्हा तीच खिडकीकडे धरून सांगायची, "गोल आहेत." एके दुपारी तिने असंच सांगितलं आणि वळून पाहिलं, तर ऐकणारा उरला नव्हता.

थोरला धावत आला आणि ढसाढसा रडला. खोटं कशाला बोलू, रडणं खरं होतं. पण मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं त्या दिवसापासून बाप थोर झाला.

परवाना बाबाच्या नावावर होता, त्यामुळे मला पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. बँकेचे मॅनेजर धाकटीला म्हणाले, "बंदूक आणि परवाना तुझ्या नावावर करून आण. वडिलांची जागा तुझीच." तिला दुसरं काही नको होतं. फक्त मी आणि ते दार. पण वारस दोन, म्हणून एकाच्या नावावर करायला दुसऱ्याची संमती लागणार.

थोरला म्हणाला, "अगं, बाईच्या नावावर करायला छप्पन चौकशा. आधी माझ्या नावावर होऊ दे, मग तुला देतो. तू फक्त सही कर."

"दादा, मला बँकेत ती लागणार आहे."

"माहितीये गं. दादावर विश्वास नाही का?"

बापाला जाऊन बारा दिवस झाले होते आणि तिचे डोळे अजून सुजलेले होते. बाप गेल्यावर उरलेलं माणूस म्हणजे दादा. तिने सही केली.

मी थोरल्याच्या हाती आले आणि त्याने मला थेट बंदुकांच्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने नळीतून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, अशी राखलेली वस्तू मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. नळ्यांत शिसं ओतलं की संपली ती, पुन्हा कधी चालायची नाही. पुन्हा विचार करा."

"घरात लहान मुलं आहेत. आणि आमच्या घरातल्या एकाने दारात उभं राहून झालंय, तेवढं पुरे."

शिसं गरम असतं एवढंच सांगते.

आता मी थोरल्याच्या भिंतीवर आहे आणि त्याच्या गोष्टीत बाबा झाला शिकारी. कधी वाघ एक असतो, कधी दोन. ऐकणारा साहेब जेवढा मोठा, तेवढा वाघ मोठा.

बाबाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी धाकटी आली. बँकेत दुसरा माणूस लागलाय. ती अजून काठी घेऊनच उभी असते. तिने मला खाली काढलं, मांडीवर घेऊन उघडलं, पिशवीतून बनियनची चिंधी काढली आणि नळ्या खिडकीकडे धरल्या.

आधी एका नळीतून पाहिलं, मग दुसरीतून.

"बांगड्या नाहीत, दादा," ती म्हणाली.

"कसल्या बांगड्या?" त्याने विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तिने मला बाहेरूनच पुसलं, खुंट्यांवर ठेवलं आणि चपला घातल्या. चिंधी तेवढी ती बरोबर घेऊन गेली.

माझं एक काम करा. कधी या घरी पाहुणे म्हणून आलात आणि वाघाची गोष्ट सुरू झाली, तर कप खाली ठेवा आणि सगळ्यांसमोर त्याला विचारा, "तुमचे वडील कुठल्या बँकेच्या दारात उभे असायचे हो?"