चार नंबरचं वाक्य

मी कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते तेव्हाची गोष्ट. आता माझे सगळे दात गेले, पण तो गुरुवार जसाच्या तसा आठवतो.

आमचे मोठे साहेब कामगारांच्या घरी पत्र धाडत ते इंग्रजीतच, घरात कुणाला कळो न कळो. दुःखाची, दिलाशाची, मदतीची अशी अकरा वाक्यं एका पुठ्ठ्यावर टाइप करून ठेवलेली होती. साहेब आतून नुसता आकडा ओरडत, मी ते वाक्य पत्रात घाली. शेवटची ओळ मात्र सगळ्या पत्रांत एकच: 'प्लीज डू नॉट हेझिटेट टु आस्क फॉर एनी हेल्प.'

त्या सोमवारी साहेबांनी सर्वांत वर एक नवं वाक्य घातलं आणि पुठ्ठा माझ्याकडून नव्यानं करून घेतला. सगळे आकडे एकेक घर खाली सरकले. साहेबांच्या डोक्यातले तेवढे सरकले नाहीत.

बुधवारी एका फिटरचा हात यंत्रात सापडला. त्याला दूरच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. गुरुवारी सकाळी साहेब ओरडले, "फिटरच्या बायकोला चार!" मी पुठ्ठ्यावरचं चार टाइप केलं. माझी बोटं इंग्रजीत पटाईत होती, डोकं पुढच्या कागदात असायचं. साहेबांनी न वाचता सही ठोकली. शिपाई सायकलवरून पत्र घेऊन गेला.

दुपारी हेडक्लार्क अण्णा कार्बन कॉपी फायलीला लावत होते. लावता लावता थांबले.

"बाई, फिटर कधी गेला?"

"कुठं गेला?"

"अहो, वर! तुम्ही त्याच्या बायकोचं सांत्वन केलंय. हार्टफेल्ट कन्डोलन्सेस!"

जुनं चार म्हणजे 'लवकर बरे व्हा.' नवं चार म्हणजे मृत्यू. मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "मग आता दहा पाठवा. चुकीबद्दल दिलगिरी."

"जुनं दहा की नवं?" अण्णांनी दारातून विचारलं.

मी पुढचं ऐकलंच नाही. पर्स घेतली आणि सुटले.

फिटरचं घर कारखान्यामागच्या गल्लीत, एका खोलीचं. दोरीवर त्याची तेलकट पँट वाळत होती. सासू भिंतीला टेकून मटार सोलत होती. दवाखान्यातला कंपाउंडर शेजारी राहायचा. डॉक्टरांचं अक्षर लागतं म्हणून गल्लीचं सगळं इंग्रजी तोच वाचायचा. जेवायला घरी आलेला तो पत्र धरून उभा होता आणि चष्मा पुसत होता. त्याचा चेहरा पाहिला आणि कळलं, याचं वाचून झालंय.

"अहो भाऊजी, चष्मा काय आज धुवायला काढलाय?" फिटरची बायको करवादली. "वाचा ना एकदाचं!"

"वाचतो, वहिनी. जरा पाणी द्या आधी."

"दोन पेले झाले!"

तेवढ्यात तिनं मला पाहिलं. तिनं ओळखलं, ऑफिसातल्या बाई. आधी पत्र, मग धापा टाकत आलेलं माणूस. तिनं चौकट घट्ट धरली.

"जिवंत आहेत!" मी कशीबशी म्हणाले. "पत्र चुकलं. चूक माझी."

कंपाउंडरनं एकदाचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

"जिवंत माणूस कागदावर चुकतो कसा?" सासूनं विचारलं.

"तुम्ही त्यांना बघितलंत?" बायको म्हणाली.

"नाही."

"मग कशावरून?"

माझ्याकडची बातमीही काल रात्रीची होती.

आम्ही दवाखान्यातल्या फोनकडे धावलो. ट्रंक कॉल लागायला वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ फिटरच्या बायकोनं माझं मनगट सोडलं नाही, पुढं चार दिवस वळ होते. मी मनात एकच म्हणत होते, पत्र खरं ठरू नये. शेवटी नर्स बोलली. हात वाचलाय, दोन बोटं गेली. पेशंट शुद्धीवर आहे आणि चहा पांचट म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतलाय.

"तेच आहेत," बायको म्हणाली, आणि तिथंच भोकाड पसरून रडली.

मग डोळे पुसून तिनं ते पत्र सरळ केलं. "ही खालची ओळ काय म्हणते?"

"मदत लागली तर मागायला संकोच करू नका."

"हे तरी बरोबर आहे की हेही चुकलंय?"

"हे बरोबर आहे."

"मग मागते. मला आणि सासूबाईंना आजच त्यांच्याकडे पोचवा. मोटारीनं."

ऑफिसात येऊन साहेबांना मी सांगितलं तसे ते हसले. "अहो बाई, तसं लिहायची पद्धत असते."

फिटरची बायको माझ्या मागेच उभी होती. पुढं होऊन तिनं पत्र टेबलावर ठेवलं, सहीवर बोट टेकवलं. "साहेब, ही सही तुमचीच ना?"

साहेबांनी सहीकडे पाहिलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

मोटार फाटकाबाहेर गेली. मी पुठ्ठा उचलला आणि विचारलं, "शेवटची ओळ काढून टाकू का?"

"राहू दे," साहेब म्हणाले. "फक्त सहीआधी मला मोठ्यानं वाचून दाखवत जा."