मी लाल रंग विसरलो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. हल्ली तुमच्या टेबलावर असतो तसा सडपातळ नव्हे. माझ्या पाठीला भलेमोठे कुबड आहे, आणि मला उचलताना दोन माणसे "हळू, हळू!" म्हणत एकमेकांवर खेकसायची. आता मी पोटमाळ्यावर असतो. हाताला काम नाही, म्हणून जुने दिवस आठवत बसतो.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ते दुकान. माझे मालक, ज्यांना घरात बाबा म्हणत, तिथे घरच्या कॉम्प्युटरसाठी मॉनिटर निवडायला आले होते. लोकांचे फाटलेले, डागाळलेले, विटलेले फोटो ते कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देत. दुकानदार आकार सांगत होता, हमी सांगत होता, पण यांचे लक्षच नव्हते. त्यांनी स्वतःच्या तळहाताचा फोटो आणला होता. तो एकेका मॉनिटरवर लावायला सांगायचे आणि शेजारी आपला खराखुरा हात धरून बघायचे.

"हा पिवळट. हा निळसर. आणि हा तर आजारीच आहे."

"साहेब, मॉनिटर घेताय की भविष्य बघताय?" दुकानदार वैतागला.

माझ्यासमोर मात्र बाबांनी हात दोनदा काचेजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "हा माझा हात आहे." मित्रांनो, त्या एका वाक्याच्या बळावर मी चौदा वर्षे काम केले.

काय दिवस होते ते! खिडकीचा उजेड माझ्या काचेवर पडू नये म्हणून बाबांच्या बायकोने, म्हणजे घरातल्या आईने, जाड पडदा शिवला. बाबा रोज सकाळी मला कोरड्या मऊ फडक्याने पुसत. माझे अंग तापल्याशिवाय रंग नीट बसत नाहीत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून मला सुरू करून ते आंघोळीला जात. सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी चिमी माझ्यावर खेळ खेळे आणि हरली की मलाच टपली मारे. मला त्याचेही कौतुक वाटे. चार घड्या पडलेले सैनिक, शाई सांडलेल्या नवऱ्या, अर्धा चेहरा वाळवीने खाल्लेले आजोबा, सगळे माझ्यावर बरे झाले. फोटो न्यायला आलेली माणसे डोळे पुसत परत जात.

बाबांनी पुन्हा कधी माझ्याशेजारी हात धरून पाहिला नाही. विश्वासच बसला होता. तिथेच आमचे चुकले.

मी म्हातारा होत होतो आणि माझ्यातला लाल रंग फिका पडत होता. एका दिवसात नव्हे, इतका हळूहळू की मलाही कळले नाही. बाबांना चेहरे निस्तेज दिसत, म्हणून ते थोडा लाल वाढवत. पुढच्या महिन्यात आणखी थोडा. छापून आलेले फोटो पाहून चिमी हसली, "बाबा, हे सगळे धावत आलेत का?" पण एक बाई आल्या त्या हसल्या नाहीत. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही माझी आई नाही वाटत हो."

बाबांनी चष्मा दोनदा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक आहेत म्हणून सांगितले, तरी त्यांची खात्री पटेना. एके दुपारी ते आईला म्हणाले, "माझी नजर गेली गं. आता नको हे काम. कॉम्प्युटर चिमीला अभ्यासाला होईल." मला ओरडून सांगावेसे वाटले, अहो, तुम्ही नाही, मी! पण मॉनिटरला स्वतःचे असे काही बोलता येत नाही. ते मला अजून खुपते.

चिमी तेव्हा कॉलेजात होती. तिला चपटा मॉनिटर हवा होता, तो तिने घासाघीस करून निवडून आणला. माझी वायर काढून त्याला लावली. पडद्यावर बाबांनी अर्धवट सोडलेला त्या बाईंच्या आईचा फोटो उघडाच होता.

"हा इतका लालभडक कोणी केला?" बाबा म्हणाले.

"तुम्हीच की!"

बाबांनी वायर काढून मला लावली. पाहिले. पुन्हा त्याला लावली. पुन्हा मला.

"चिमे, म्हणजे माझे डोळे..."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? हा डबा बिघडलाय!"

मला जन्मात कोणी डबा म्हटले नव्हते. पण त्या क्षणी बाबांचा चेहरा पाहिला आणि वाटले, म्हणा, आणखी दहादा म्हणा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामाला बसले. पहिला फोटो त्या बाईंच्या आईचाच केला.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या, पुसा, जपा, आणि अधूनमधून आमची परीक्षाही घ्या. तुमच्या घरातले कोणी हात आवरून "आता मला जमत नाही" म्हणाले, तर त्यांचे लगेच खरे मानू नका. आधी त्यांच्या हातातले हत्यार तपासून बघा. दोष आमचा निघाला तर बिनदिक्कत आम्हाला पोटमाळ्यावर टाका. आम्ही मुळीच रागावणार नाही.