हरेश्वरकाकांचा कान

“मॅडम, मला शेवटचीच सीट हवी. पुढची देणार असाल तर मी उतरतो.”

“अरे बाबा, वीस सीटांवर आज पाच माणसं आहेत. शेवटच्या सीटवर झोप हवं तर,” मी म्हणाले.

हर्षवर्धन हसला आणि मागे जाऊन बसला. दर मंगळवारी यायचा हा पोरगा, कारण मंगळवारी गर्दी नसते. राहायला आमच्याच बोळिंजला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डोक्यात रोलर कोस्टरचा किडा. इंटरनेटवर त्याच्यासारख्याच येड्यांचा एक ग्रुप होता म्हणे. जिथे जातील तिथे वही घेऊन जायचे आणि राइडला मार्क द्यायचे. आमच्या मौजनगरीला दहापैकी साडेसहा मिळाले होते. चांदीपकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शेतांच्या मध्ये उभं केलेलं आमचं ते पार्क, कुठल्या तरी परराज्यातून सेकंडहँड आणलेला रोलर. साडेसहा म्हणजे कौतुकच म्हणायचं.

त्या रोलरचं बटण तीन वर्षं मी दाबत होते, पण त्यात बसायचं कसं हे मला हर्षवर्धननेच शिकवलं. पुढच्या सीटवर बसलं की सगळं आधीच दिसतं. मागच्याला काही दिसत नाही, पुढचे डबे उताराला लागले की तो एकदम ओढला जातो. उंची, वेग हे सगळं वरवरचं.

“ढुंगण सीटवरून सुटलं पाहिजे मॅडम. दोन सेकंद आपण कुणाचेच नसतो. तुमच्या दुसऱ्या टेकाडावर ते होतं.”

“आणि एखाद दिवशी खरंच सुटलास म्हणजे?”

“तेच तर! चांगली राइड सांगते, मेलास आता. आणि मारत नाही. आतून आपल्याला माहीत असतं ना, की खाली कुणीतरी सगळं चेक केलंय. ते माहीत नसेल तर मजा कसली? नुसती भीती.”

हे कुणीतरी म्हणजे हरेश्वर म्हात्रे. ते तेव्हा खाली खांबाला टेकून डबा खात होते. तांदळाची भाकरी आणि सुकट.

हरेश्वरकाका आमचे फिटर. वसईच्या खाडीकाठच्या गावातले. वालीवच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं पॉवर प्रेसवर काम केलं, तो कारखाना बंद पडला, मग इकडे आले. सकाळी आठला ते अर्ध्या किलोचा हातोडा घेऊन रुळाच्या कडेच्या फळीवर चढायचे आणि एकेक बोल्ट ठोकत अख्खा रोलर फिरायचे. घट्ट बोल्ट टण्ण वाजतो, सैल झालेला थप्प करतो. थप्प केलं की पाना काढायचा, आवळायचा, खडूने रेघ मारायची. दोन तासांनी खाली येऊन रजिस्टरवर सही, आणि मग मला अंगठा दाखवायचा. तो अंगठा दिसल्याशिवाय मी बटणाला हात लावत नसे.

“सहा वरसं झाली पोरी,” ते सांगायचे, “ह्या रोलरवर एक मानूस खरचटला नाय.”

२००३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रिकामा रोलर एकदा फिरवून बघायचा म्हणून मी घंटा दिली. घंटा झाली की फळीवरच्या माणसाने बाजूला व्हायचं. काका पाठमोरे होते, पहिल्या उताराशी वाकून काहीतरी बघत होते. मी परत घंटा दिली. ते हलेनात. माझं बोट बटणावर होतं. मी ओरडले, नरडं फाटेपर्यंत ओरडले, तरी त्या माणसाची मान वळली नाही. शेवटी चप्पल काढून फेकली. ती फळीवर आपटली, फळी हादरली, तेव्हा ते वळले.

खाली आले आणि माझी चप्पल माझ्यापुढे ठेवून पायरीवर बसले.

“काका, कधीपासून?” मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

“दोन वरसं. डावा गेलाच. उजव्यात जरा जरा येते. प्रेसनी खाल्ला गो कान. तवा कोनाला कळलाच नाय.”

“मग बोल्ट कसे कळतात?”

त्यांनी तळहात पुढे केला. “ह्यात. ठोकला का हातात येते.”

“सगळं येतं?”

त्यांनी तळहात मागे घेतला. “सगळा नाय.”

माझं डोकंच फिरलं. “अहो, वीस माणसं बसतात त्यात! तुम्ही सांगत का नाही साहेबांना?”

“सांगून? बहिऱ्या फिटरला कोन ठेवील? घरी मी आनि बायजा, पोर ना बाळ. नुसता बसून काय करू? मला दुसरा येतेच काय?” त्यांनी हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. “कोनाला सांगू नुको पोरी.”

आता मी काय करायला हवं होतं ते मला आज नीट सांगता येतं. तेव्हा मी केला तो शहाणपणा असा की दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आठला यायला लागले. काका वर ठोकायचे, मी खालून त्यांच्याबरोबर चालायचे. टण्ण वाजलं की अंगठा दाखवायचा, थप्प वाजलं की उघडा पंजा. हातोडा त्यांचा, कान माझा. पहिल्या दिवशी तीन पंजे पडले. तिसऱ्या पंज्याला काकांचा चेहरा असा उतरला की मला वाईट वाटलं. मग ते आवळून खडूची रेघ मारून हसले, आणि मलाही बरं वाटलं. माझा नवरा श्रीरंग म्हणाला, “विनिता, तुला काय पार्क चालवायला दिलंय का?” पण खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मला स्वतःचा भारी अभिमान वाटायचा. माणूस वाचवला, नोकरी वाचवली, रोलरही सांभाळला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या मुलीला, क्षितिजाला, पहाटेपासून ताप भरला. डॉक्टर दहाशिवाय येत नाहीत. पार्कला पोचायला मला अकरा वाजले. बदली माणसाने रोलर सुरू केलेला होता आणि लाइन पार भेळवाल्यापर्यंत गेली होती. काका खाली उभे होते.

“काका, सकाळचं झालं?” मी हाताने ठोकल्याची खूण केली.

त्यांनी अंगठा दाखवला. पण माझ्याकडे न बघता.

मी समजले, आज त्यांनी नुसत्या हातावर भागवलं होतं. तरी बटणापाशी जाऊन उभी राहिले. लाइन होती, लोक शिट्ट्या मारत होते, एका दिवसाने काय होतंय असं मी मनाला सांगितलं.

बाराच्या सुमाराला हर्षवर्धन आपल्या ग्रुपमधल्या दोघांना घेऊन आला. रविवारी कधी येत नसे. तिघं मागच्या सीटांवर बसले, फिरून आले, उतरले. पुढची माणसं चढली, मी मांडीवरचे बार तपासले, घंटा दिली, बटण दाबलं. साखळीने डबे वर ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात हा वही नाचवत माझ्या बटणाच्या खोक्यापाशी आला.

“मॅडम, आज काय केलंत? भन्नाट! दुसऱ्या टेकाडावर मागचा डबा कडेला हिसका मारतो. आधी नव्हता तो! मी ह्यांना सांगितलं, साडेसात द्या.”

“कसला हिसका?”

“असा.” त्याने तळहात आडवा धरून झटकन तिरका केला. “काय होतंय ते कळतच नाही. हेच हवं असतं आम्हाला!”

त्याचा तो तिरका हात मी बघत राहिले. डबे साखळीवर असतात तोवर लाल बटणाने थांबवता येतात. वरून सुटले की ते कुणाच्या बापाचे नाहीत, खाली स्टेशनात येईपर्यंत ब्रेक नाही. साखळीचा टकटक आवाज चालू होता. मला ऐकू येत होता. आणि मी हात बघत राहिले. माझ्या डोक्यात उजेड पडला तेव्हा टकटक थांबली होती.

मी लाल बटण दाबलं. दाबूनच धरलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

शेवटच्या सीटवर दोन बहिणी होत्या, सारख्याच पिवळ्या फ्रॉकमधल्या. मी स्वतः त्यांचा बार लावला होता. पहिल्या उतारावर सगळ्यांनी हात वर केले. त्या दोघींनीही केले. देवा, मी काय सांगू! पुढच्या डब्यांत बसलेल्या नालासोपाऱ्याच्या भिशी मंडळाच्या बायका हसत होत्या, किंचाळत होत्या, आणि मी खोक्यात उभी राहून आई जीवदानीला हाका मारत होते. डबे दुसऱ्या टेकाडावर चढले. मागचा डबा कडेला झटकन तिरका झाला. माझ्या डोळ्यांना दिसला. मग परत सरळ झाला आणि खाली गेला.

स्टेशनात आल्यावर धाकटी म्हणाली, “आंटी, परत!”

मी लाइनीपुढे साखळी लावून रोलर बंद केला. काकांना हात धरून आणलं, बोटाने दुसरं टेकाड दाखवलं आणि पंजा उघडला.

ते वर गेले. हातोडा त्यांनी बाहेर काढलाच नाही. खाली वाकले आणि एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला. मग दुसरा. मग तिसरा. मग तिथेच फळीवर बसून राहिले. लाइनीतले लोक आरडाओरडा करायला लागले, तरी ते उठेनात. त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

आमचे मॅनेजर भूपेशसाहेब धावत आले तेव्हा काका तिन्ही बोल्ट आवळून खाली उतरत होते.

“क्या हुआ? लाइन बघा केवढी आहे! टाइट करा आणि चालू करा ना.”

“टाइट केला साहेब,” काका म्हणाले. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज, सगळ्या लाइनीला ऐकू गेला. “सकाळी मी हाच बोल्ट ठोकला होता. त्यानी मला सांगितला. मला ऐकू नाय आला.”

“मतलब?”

“मला ऐकू येत नाय साहेब. दोन वरसं झाली.”

भूपेशसाहेबांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे वळले. “आणि हे कुणाला माहीत होतं?”

माझं तोंड उघडलं. श्रीरंगच्या कंपनीला जानेवारीपासून टाळं होतं. तो घरी होता. क्षितिजा तापात होती. घर माझ्या ह्या बटणावर चाललं होतं.

“कोनालाच नाय,” काका म्हणाले.

इतक्या गोंधळात, मला विचारलेला तेवढा प्रश्न मात्र त्यांना नीट ऐकू आला.

लाज वाटली का? वाटली. पण तोंड मिटलं ते मिटलंच. काकांनी हातोडा टेबलावर ठेवला, खिशातला खडू काढून त्याच्या शेजारी ठेवला, डब्याची पिशवी उचलली आणि गेटकडे गेले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन फटके दिले असते तरी मला चाललं असतं.

बाहेरून माणूस आणून चार वाजता रोलर सुरू केला. हर्षवर्धन थांबला होता. फिरून आला तो तोंड पाडून. “गेला तो हिसका. परत साडेसहा.” त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्याची काय चूक? त्यानेच तर सांगितलं.

गणपती झाल्यानंतरच्या एका मंगळवारी काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातावर गेटचा शिक्का, बरोबर बायजाकाकू. नवा फिटर निकोलस तेव्हा वर होता. त्याच्याकडे मापाचा पाना आहे, बोल्ट पुरता आवळला की पानाच वाजतो. काका त्याच्याकडे मान वर करून थोडा वेळ बघत राहिले.

“आज बसनार हाय,” त्यांनी मला सांगितलं.

“अहो, सहा वर्षांत कधी बसला नाहीत!”

ते शेवटच्या सीटकडे चालायला लागले होते. काकू पिशवी सांभाळत कठड्यापाशी थांबल्या. “मी सांगून दमली गो, ह्या वयात कशाला? ऐकतात कुटं?” म्हणाल्या आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

मी काकांचा बार लावला. वाकले, उजव्या कानापाशी तोंड नेलं आणि चार महिने मनात घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. साहेबांना सांगायला हवं होतं की मलाही माहीत होतं. माझं चुकलं काका.

त्यांनी कानाला बोट लावलं आणि मान हलवली. उजवाही गेला होता. मग त्यांनी मला अंगठा दाखवला. पूर्वी दाखवायचे तसाच, सगळं तपासून झाल्यावरचा.

मी बटण दाबलं.

त्या फेरीत आठ माणसं होती. सगळ्यांनी हात वर केले. काकांनी केले नाहीत. त्यांचे दोन्ही तळहात डब्याच्या लोखंडावर सपाट टेकलेले होते आणि डोळे मिटलेले. दुसऱ्या टेकाडावर बाकीचे सीटवरून सुटले, किंचाळले. काकाही सुटले असणार, पण हात त्यांनी काढला नाही.

ते उतरले. काकूंनी दंड धरला. ते माझ्या खोक्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “दुसरा टेकाड घट्ट हाय पोरी. घाबरू नुको.”

आणि दोघं फाट्याच्या रिक्षेसाठी चालू लागले. मी मागून हाक मारली. परत मारली. मग भान आलं आणि घंटा दिली. पुढची माणसं बार लावून बसली होती.