पेपर सुटसुटीत ठेवला

"अहो सर, पडण्याचा आकडाच नाही इथे!" दीपमाला जवळजवळ ओरडलीच.

हिंजवडीच्या त्या कंपनीत काम एकच. एखाद्या औषधाच्या ठिकठिकाणच्या चाचण्या गोळा करायच्या, त्यांची बेरीज मांडायची आणि औषध खरंच लागू पडतं का, ते डॉक्टरांना सांगायचं. आज पाळी होती म्हाताऱ्यांच्या चक्कर येण्यावरच्या गोळीची. आणि समोर आलेली चाचणी चक्क तिचीच! त्या चाचणीत नर्स असताना दर रविवारी फोन करून तीच विचारायची, "आजोबा, या आठवड्यात पडलात का?" हडपसरचे नागोराव तर न्हाणीत पडून खुबा मोडून बसले होते. इतकं सगळं विचारलं, टिपलं, आणि छापलेल्या पेपरात पडण्याचं नावही नाही.

"पेपरात नाही ते आपल्यासाठी घडलंच नाही," टीम लीडर श्रीधर म्हणाला. "रिकामी ओळ गाळायची. आजवर तेच करत आलात ना?"

"पण मोजलं होतं, सर. मी स्वतः मोजलं होतं!"

श्रीधर खवचट खरा, पण माणूस सरळ. त्याने चाचणीवाल्यांना मेल टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: पडण्याच्या बाबतीत फायदा दिसला नाही, म्हणून पेपर सुटसुटीत ठेवला.

सुटसुटीत! दीपमाला उसळली. माणसांची हाडं मोडली आणि यांनी माळा आवरावा तसं ते काढून टाकलं? श्रीधरने सगळ्या चाचण्यांचे सुरुवातीचे आराखडे उघडले. पडणं मोजायचं ठरवून नंतर मूग गिळून बसलेल्या आणखीही चाचण्या निघाल्या.

"यांच्याकडेही फायदा नव्हता असं धरून मांडू," तो म्हणाला.

गाळलेल्या ओळी आत घेतल्या, आणि 'या गोळीने पडणं कमी होतं' हा छापील पेपरांवरून निघणारा निष्कर्ष काही टिकेना.

दीपमालाला राहवलं नाही. तिने नागोरावांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने, राधाआजींनी उचलला.

"आजी, आजोबा कसे आहेत?"

"काठी धरून चालत्यात. परवा बी पडलं. पर तुमी रविवारी फोन करायचा न्हवं, तवाची तीच गोळी आता दुकानात मिळती. नव्या डॉक्टरनं लिवून दिलीया. पडायचं कमी हुतं, तसं छापून आलंय म्हनं."

"आजी, ती गोळी..." दीपमाला सांगू लागली.

राधाआजींनी तोवर फोन बाजूला धरला होता. "अवो, दवाखान्यातल्या बाई हायत. गोळीचं इचारत्यात. घ्या बरं ती, ह्ये पानी."