जेठ वना

मेहरूणच्या तळ्यात मी म्हशीएवढा मासा धरला होता, हे ऐकून गाव हसतं. हसो बापडं. ही गोष्ट मात्र मी तिळभर फुगवलेली नाही.

तानुबाई माझी शेजारीण, विधवा. झुलाल तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. बांधाच्या भांडणात त्यानं भरदुपारी घरात शिरून तिचा हात मोडला. पीडितांना मदत करणारं कार्यालय धुळ्याला, आमच्या खेड्यापासून तीन गाड्या. म्हणून तिनं फोनवरच सांगितलं, "जेठ वना, माले मारं, चालना गया."

आमच्याकडे वना म्हणजे आला. पलीकडच्या शहरी पोरीनं लिहिलं, मारणारा जेठ, नाव वना.

आणि माझं नाव वना.

तेच ठाण्यात गेलं, तिथून नोटीस निघाली. वनानं तानुबाईच्या शंभर पावलांत फिरकू नये. झुलालनं ती पारावर मोठ्यानं वाचली. "आबा, यावेळी मासा मोठा गावना!"

माझं घर तिच्यापासून चाळीस पावलांवर. मी खळ्यात राहायला गेलो.

मग तानुबाईनं आणि मी धुळं गाठलं. एसटी काही शंभर पावलं लांब नसते, तरी मी शेवटच्या सीटवर बसलो.

"आजोबा, आरोपी तुम्हीच आणि सोबतही तुम्हीच?" कार्यालयातले साहेब म्हणाले.

"मी जेठ नाही, साहेब. ही मला वनाभाऊ म्हणते."

"मग भाऊ लिहायचं राहिलं असेल. बाई, जेठाचं नाव सांगा."

तानुबाईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्यात बाई जेठाचं नाव घेत नाही; वीस वर्षांत तिनं घेतलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी हात आडवा केला. "तुम्ही नाही. त्यांनी."

तिनं पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं.

"झुलाल."

आणि पदरानं ओठ पुसले.

"दुरुस्ती वर पाठवतो. महिना लागेल. तोवर नोटीस कायम."

"आनि तो?" तिनं विचारलं.

"त्याचं दुरुस्तीनंतर बघू."

"फोनवर आमच्या बोलीचं माणूस ठेवा की, साहेब," मी म्हणालो.

"तशी मागणी आलेली नाही."

काल सकाळी खळ्यात दोरी वळत होतो. तानुबाईची किंकाळी आली. "वना! वना!"

भाऊ जोडल्याशिवाय तिनं मला कधी हाक मारलेली नाही.

मी काठी उचलली. खळ्यापासून तिचं दार एकशे दहा पावलं, मोजून ठेवलीत. पहिली दहा कायद्यात होती.