थोरलीची काडतुसं

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझं सासऱ्यांच्या बोटांशी वाकडं होतं. सासऱ्यांशी माझं छान जमायचं, बोटांशी जमायचं नाही. शेडमधून बाबा थेट चहाला येऊन बसायचे आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर, कपाच्या कानावर, पावाच्या कापावर काळे ठसे उमटायचे. बंदुकीची काळी दारू हाताळली की ती बोटांच्या रेषांत जाऊन बसते, हे मलाही कळतं. पण शेडच्या दाराशी बादली मी ठेवायचे, साबण मी ठेवायचे, आणि हे गृहस्थ त्या बादलीला वळसा घालून यायचे. रूबेन थॅक्स्टरचे ठसे पोलिसांकडे नसतील, माझ्या चादरीवर मात्र सगळे आहेत, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. त्यावर बाबा स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

हा सगळा खटाटोप थोरलीसाठी. थोरली म्हणजे आमची आठ बोअरची, रुंद नळीची बंदूक, बाबांच्या वडिलांच्या वेळची. ती खांद्यावर टाकून माणूस खाजणातून चालला की तीच त्याला घेऊन चाललीय असं वाटतं. महायुद्ध संपलं आणि कारखान्यांनी तिची काडतुसं करणं बंद केलं. गिऱ्हाईक होतं कोण? वॉशच्या खाडीकाठचे आमच्यासारखे चार-दोन हट्टी लोक. बाबांचा जन्म लोहारकीत गेलेला. त्यांनी कारखान्याला दोन शिव्या दिल्या आणि सगळं सामान घरीच केलं.

काडतुसांची पितळी नळकांडी त्यांनी स्वतः लेथवर कातली. ती एकदा केली की जन्मभर पुन्हा पुन्हा भरता येतात. दारू आणि छरे यांच्यामध्ये बसवायच्या चकत्या पाडायचा पंच मोडक्या गाडीच्या आसाचा होता. दारूवर चकती ठासायचा दट्ट्या सासूबाईंच्या खुर्चीच्या पायाचा. खुर्ची तेव्हा चांगली होती, त्यामुळे त्या दोघांत बरेच दिवस अबोला होता असं म्हणतात. चकत्या फेल्ट हॅटच्या. गावात कुणाची हॅट जुनी झाली की तो ती आणून आमच्या फाटकावर अडकवायचा, ही इथली रीतच आहे. पाद्रीबाबांची नवी हॅट एकदा चर्चच्या खुंटीवरून गेली आणि पुढच्या हिवाळ्यात तिच्या चकत्या खाजणात सापडल्या, असं लोक अजून सांगतात. बाबांनी ते कधी नाकारलं नाही.

आणि माप. एका नळकांड्याचं बूड कापून त्याला तारेचा दांडा लावलेला. दारू त्याच मापाने घ्यायची आणि छरेही त्याच मापाने, ही बाबांच्या वडिलांची पद्धत. काळ्या दारूला ती चालते. नवी बिनधुराची दारू कितीतरी जहाल, ती त्या मापाने भरली तर नळी फुटते आणि बंदूक धरणाऱ्याचं तोंड जागेवर राहत नाही. एवढं इथे सगळ्यांना ठाऊक असतं.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डॉक्टरचं नाव काढलं की ते शेडमध्ये जाऊन बसायचे. माझा नवरा सिरिल एकदा म्हणाला, की थोरलीची काडतुसं यापुढे मी भरतो. त्यावर ते चार दिवस जेवणात मीठ नाही म्हणून कुरकुरत राहिले आणि सिरिलने तो विषय सोडला. मलाही ते पटलं होतं. हाताने भरतात, डोळ्यांनी थोडंच, असं मीच म्हणाले होते.

तो जानेवारीतला शनिवार होता. समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. असा वारा असला की बीटच्या शेतांतून रात्रीच्या मुक्कामाला समुद्राकडे परतणारे रानहंस खाली, अगदी अंगावरून उडतात. सिरिलला दुपारी जेवण गोड लागलं नाही. बाबांनी सकाळी भरलेली काडतुसं पिशवीत घेऊन, थोरलीला खांद्यावर टाकून तो खाजणात निघून गेला.

थोड्या वेळाने बाबा चहाला आले. कप उचलला, पाव उचलला. माझं लक्ष गेलं तर पाव पांढरा होता.

मी म्हणाले, "बाबा, आज देव पावला म्हणायचा. हात धुतलेत."

"छे गं. बादलीत बर्फ झालंय. कोण हात घालतंय त्यात?"

मी हसले आणि किटली उचलली. मग ती तशीच खाली ठेवली. बाबांचा हात धरून उलटा केला. तळवा स्वच्छ, बोटं स्वच्छ, नखांच्या कडासुद्धा स्वच्छ.

"सकाळी काडतुसं भरलीत ना तुम्ही?"

"भरली की. सिरिलच्या पिशवीत मीच घातली. का गं?"

काही नाही, दूध आणते, असं म्हणून मी शेडमध्ये गेले. बाकावर काळ्या दारूचा जुना डबा होता, घट्ट झाकणाचा. झाकण काढलं. आत करड्या रंगाच्या बारीक चपट्या कपच्या. दाराजवळ सिरिलच्या बिनधुराच्या दारूचा डबा पडला होता, झाकण गंजून वाकडं झालेला, आणि त्यात खिळे भरलेले होते. सिरिलची नेहमीची लहान बंदूक या नव्या दारूवर चालते. खारी हवा लागू नये म्हणून त्याने चांगल्या झाकणाच्या डब्यातली काळी दारू दुसरीकडे काढून ही त्यात ओतून ठेवली होती. आणि बाबांनी सवयीने हात घातला तो त्याच डब्यात.

स्वयंपाकघरात परत आले आणि बाबांना म्हणाले, कप उचला. त्यांनी उचलला. मी चादर खस्सकन ओढून घेतली. पाव खाली पडला. चादर धुवायला नेतेय असं त्यांना वाटलं असावं, कारण एवढ्या थंडीत कशाला, असं काहीतरी ते म्हणाले. मी सायकल घेतली आणि समुद्राच्या बांधाकडे सुटले.

बांधावर चढले तेव्हा सूर्य टेकला होता. पुढे खाजण, त्यात भरतीच्या पाण्याने फुगत चाललेले ओहोळ, आणि दूर पलीकडे एका ओहोळाच्या काठाशी सिरिलची टोपी तेवढी दिसत होती. मला तिथवर जाणं शक्य नव्हतं. मी जीव खाऊन हाका मारल्या, पण वारा समोरून होता. माझाच आवाज माझ्या पाठीमागे गावाकडे जात होता. चादर हलवली. सिरिलला ती दिसली असणार, कारण टोपी आणखी खाली गेली. कोणीतरी मूर्ख बांधावर आलाय, पक्षी बिथरवणार, एवढंच त्याच्या डोक्यात आलं असेल. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

तेवढ्यात पाठीमागून, शेतांच्या बाजूने, हंसांचा कलकलाट ऐकू आला.

पक्षी परतायच्या वेळी बांधावर कुणी उभं राहायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण ज्याने ते केलं त्याच्याशी लोक वर्षभर बोलत नाहीत. मला दुसरं काही सुचलं नाही. सिरिलला थांबवता येत नव्हतं, पक्ष्यांना थांबवता येत होतं. मी बांधाच्या माथ्यावर ताठ उभी राहिले, चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि धावत सुटले.

पहिली रांग माझ्यासमोर आली आणि फुटली. ओरडत, एकमेकांवर आदळत सगळे हंस वर चढले आणि पश्चिमेकडे वळले. दुसरी रांगही तशीच गेली. बांधाखालच्या गवतातून एझ्रा लबक ओरडला. हा बाबांचा जुना मित्र, आणि त्या दिवशी तोही बंदूक घेऊन दबा धरून बसला होता.

"खाली बस, बाई! वेड लागलंय का तुला?"

मी बसले नाही. आणखी कुठून कुठून शिव्या येत होत्या. एक छोटी रांग माझ्या डावीकडून निसटली आणि सरळ सिरिलच्या दिशेने गेली. तो उठला. थोरली वर गेलेली मी पाहिली. त्या क्षणी मी काय म्हणाले, देवाला काय कबूल केलं, मला आठवत नाही. चादर तोंडात कोंबून उभी होते एवढं आठवतं. मग बंदूक हळूहळू खाली आली. पक्षी फार उंच होते. त्यानंतर अंधारात काही दिसेनासं झालं.

सिरिल कमरेपर्यंत भिजून बांधावर आला तो संतापूनच. सगळ्या गावासमोर काय हा तमाशा, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, "बाबांची बोटं स्वच्छ आहेत."

 तो थोरली गवतावर ठेवून तिच्या शेजारी मटकन बसला.

"डबा," तो म्हणाला. "मीच ओतली त्यात. सांगितलं होतं मी त्यांना. दारात उभा राहून सांगितलं. लेथ चालू होता."

त्याने बंदुकीतलं काडतूस काढलं, चाकूने वरचं मेण फोडलं, छरे ओतले, चकत्या उकरल्या. तळहातावर करड्या कपच्या पडल्या, वाऱ्याने उडून गेल्या. बाकीची काडतुसं घरी नेऊन शांतपणे रिकामी करता आली असती. पण त्याला ती हातात धरवेनात. त्याने पिशवीच ओहोळात भिरकावली, बाबांनी कातलेल्या नळकांड्यांसकट.

बाबांना सांगायचं नाही, असं आम्ही येता येता ठरवलं. पिशवी ओहोळात पडली म्हणायचं. बांधावरची गोष्ट लपणार नव्हतीच, ती आधीच लबकच्या तोंडून घरी पोचली होती. बाबांनी मला नको नको ते सुनावलं. थॅक्स्टरांच्या घरातली बाई बांधावर नाचते, माझ्या बापाने हे पाहिलं असतं तर, वगैरे. मी भांडी घासत ऐकून घेतलं. एरवी मी एक ऐकल्यावर दोन ऐकवणारी आहे.

तो आठवडा वाईट गेला. खाटकाने मला सगळ्यांत शेवटी मटण दिलं. चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसलं नाही. सिरिल म्हणायचा, खरं सांगून टाकू या. मी म्हणायचे, सांग, आणि मग म्हातारा पुन्हा शेडकडे तोंड करतो का बघ. मला सगळ्यांचा राग येत होता. त्या डब्याचा, त्या मोतीबिंदूचा, आणि ज्याला घट्ट झाकणापलीकडे काही दिसलं नाही त्या माझ्या नवऱ्याचा.

एका दुपारी बाबा फाटकाशी उभे होते आणि लबक रस्त्याने चालला होता. सुनेला बांधून ठेव, असं तो न थांबता म्हणाला. बाबा घरात आले. चहाला बसले तेव्हा त्यांनी हात डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बोटं न्याहाळली.

"त्या दिवशी माझा हात उलटा करून काय बघत होतीस?"

मी पावाला लोणी लावत राहिले.

"सिरिल म्हणतो पिशवी पडली. जन्मात त्याची पिशवी पडली नाही."

ते उठून शेडमध्ये गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी डबा उघडला, आत बोट घातलं, चोळलं आणि शर्टाच्या बाहीवर पुसलं. बाही उजेडाकडे धरली. काही उमटलं नव्हतं. नंतर बराच वेळ ते बाकाला धरून उभे होते. मला आत जावंसं वाटत होतं आणि माझं धाडस झालं नाही. मग त्यांनी ते माप कोटाच्या खिशात टाकलं आणि पबच्या दिशेने चालू लागले. परत आले ते थेट झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लबक दारात उभा. हातात त्याची फेल्ट हॅट. मी दार अर्धंच उघडलं.

"रूबेनने काल माप आमच्यासमोर ठेवलं," तो म्हणाला. "म्हणाला, पोराला मी मारलाच होता, या पोरीने वाचवला. तिला बोलायचंय त्याने आधी मला बोलावं."

मी दार पूर्ण उघडलं.

"मग म्हणाला, सामान शेडमध्ये आहे, पंच, दट्ट्या, सगळं. हवं त्याने घेऊन जा."

"कोणी घेतलं?"

"कुणी नजरसुद्धा वर केली नाही." त्याने हॅट माझ्या हातात दिली. "ही त्याला दे. मी बोलून गेलो ते विसर, म्युरिएल." आणि बोडक्या डोक्याने, त्या थंडीत, तो निघून गेला.

चहाच्या वेळी बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. कपाला शिवले नव्हते. मी हॅट पांढऱ्या चादरीवर, त्यांच्या पुढ्यात ठेवली. कुणाची, ते मी सांगितलं नाही. त्यांनी हात वर काढला, हॅटची कड दोन बोटांत धरून दाबून पाहिली, आतून चाचपली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसू नये म्हणून ते हॅटवर फारच वाकले होते.

"लबकची आहे," ते म्हणाले. "पण फेल्ट बरं आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "चकत्या मी पाडीन. नळकांडीही कातून देईन. दारू सिरिलने भरायची."

सिरिल हो म्हणाला.

तेव्हापासून तसंच चालू आहे. सिरिल दारू भरतो आणि मुकाट्याने हात धुऊन आत येतो. चकत्या पाडणाऱ्याची बोटं काळी होत नाहीत. चादर आता महिना महिना पांढरी राहते, आणि मला तिच्याकडे बघवत नाही.